फोन आडवा झाला तरी फॉर्म भरलेलाच राहावा: अँड्रॉइड ॲप शिकणाऱ्यांसाठी

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी चालू असताना वजन लिहून घेणाऱ्या माणसाचा हात बघा. काट्याचा आकडा वाचायचा, फोनवर टाकायचा, परत काट्याकडे बघायचं. ऊन थेट स्क्रीनवर पडतं म्हणून तो फोन कलता करतो, तळव्याची सावली धरतो, आणि तेवढ्यात स्क्रीन आडवी होते. शेतकऱ्याचं नाव, गाव, घडांची संख्या आणि पहिल्या तीन खेपांचं वजन भरून झालेलं असतं. स्क्रीन पुन्हा उभी होते तेव्हा फॉर्म कोरा. मोजलेली केळी एव्हाना गाडीत चढलेली असतात, ती उतरवून परत काट्यावर टाकता येत नाहीत.

म्हणून हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. आणि तो सोडवणं नवशिक्याला वाटतं तेवढं अवघडही नाही. फक्त कोणता आकडा कुठे ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतून जे विद्यार्थी प्रोजेक्टसाठी पहिलं ॲप लिहितात, त्यांनी हा लेख समोर ठेवून आपला फॉर्म तपासावा. कोटलिनची तोंडओळख आणि अँड्रॉइड स्टुडिओत एखादी स्क्रीन बनवल्याचा अनुभव एवढं पुरे. क्लास आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली चार-पाच अक्षरं टाकलीत की पूर्ण नाव समोर येईल.

उदाहरण म्हणून ‘केळी वजनपावती’ नावाची एक स्क्रीन घेऊ. तिच्यात शेतकऱ्याचं नाव, गावाची यादी, बाग मृगबाग की कांदेबाग (लागवडीच्या हंगामानुसार) याची निवड, घडांची संख्या, खेपांची वजनं, क्विंटलचा भाव, कपात, एकूण रक्कम आणि मालाचा फोटो आहे.

स्क्रीन फिरते तेव्हा आत काय होतं

फोन फिरला की अँड्रॉइड तुमची ॲक्टिव्हिटी (एक स्क्रीन चालवणारा क्लास) नुसती वळवत नाही. ती मोडतो आणि नवी उभी करतो. आडव्या स्क्रीनसाठी तुम्ही वेगळा लेआउट दिला असेल तर तो उचलता यावा, यासाठी ही व्यवस्था आहे. जुन्या ॲक्टिव्हिटीवर ऑनपॉझ, ऑनस्टॉप, ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट आणि ऑनडिस्ट्रॉय हे क्रमाने चालतात. मग नव्या ॲक्टिव्हिटीवर ऑनक्रिएट, ऑनस्टार्ट, ऑनरिस्टोरइन्स्टन्सस्टेट आणि ऑनरिझ्यूम. अँड्रॉइड ९ च्या आधी सेव्हची पायरी ऑनस्टॉपच्या अगोदर यायची. ९ पासून ती नंतर येते. जुनं ट्युटोरियल वाचताना क्रम वेगळा दिसला तर कारण हे.

ॲक्टिव्हिटीच्या आत तुम्ही साधा व्हेरिएबल म्हणून ठेवलेलं सगळं जुन्या ॲक्टिव्हिटीसोबत जातं. खेपांची यादी अशा व्हेरिएबलमध्ये असेल तर ती गेली.

हे स्वतः बघा. या आठही फंक्शनमध्ये एकेक लॉग टाका, ॲप चालवा, फोन फिरवा आणि लॉगकॅट (अँड्रॉइड स्टुडिओतली लॉग दाखवणारी खिडकी) वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फिरवणं हे एकच निमित्त नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या. फोनची भाषा मराठीवरून इंग्रजी केली, डार्क मोड लागला, अक्षरांचा आकार वाढवला, स्प्लिट स्क्रीन केली, घडीचा फोन उघडला: या सगळ्यात ॲक्टिव्हिटी अशीच मोडून नव्याने बनते. आणि याहून मोठा फटका वेगळाच आहे. तुमचं ॲप मागे गेलं, मेमरी कमी पडली, तर अँड्रॉइड पूर्ण प्रोसेसच, म्हणजे चालू असलेलं अख्खं ॲपच, बंद करतो. वापरणारा परत येतो तेव्हा त्याला तीच स्क्रीन दिसते, पण आतून सगळं नवं असतं. कमी रॅमच्या फोनवर नुसता कॅमेरा उघडला तरी हे घडू शकतं.

आधी वहीवर वाटणी करा

कोड लिहिण्याआधी स्क्रीनवरच्या प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहा: हे किती वेळ जगलं पाहिजे?

नाव, भाव, कपात, बागेची निवड हा वापरणाऱ्याने टाइप केलेला छोटा मजकूर. तो फिरवण्यात आणि प्रोसेस बंद पडण्यातही टिकला पाहिजे, म्हणून तो बंडलमध्ये. बंडल म्हणजे सिस्टीमकडे सांभाळायला दिलेली छोटी पिशवी.

गावांची यादी सर्व्हरवरून किंवा डेटाबेसमधून येते. ती हरवली तर परत आणता येते, पण प्रत्येक वेळी फोन फिरला की नेटवर जाणं बरं नाही, तेही बागेत जिथे रेंज येते-जाते. ती व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीनचा डेटा ॲक्टिव्हिटीबाहेर धरून ठेवणाऱ्या क्लासमध्ये.

एकूण रक्कम कुठेच ठेवायची नाही. १८.४० क्विंटल गुणिले १४५० म्हणजे २६,६८०, त्यातून कपात ३०० गेली की २६,३८०. हे पुन्हा काढता येतं. जे काढता येतं ते साठवलं की एक दिवस वजन एक सांगतं आणि रक्कम दुसरंच सांगते.

खेपांची वजनं मात्र सगळ्यात मोलाची. माणूस दुपारी जेवायला गेला, त्याने अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप सरकवून काढलं, बॅटरी संपली, तरी ती राहिली पाहिजेत. ॲप यादीतून सरकवलं की बंडल टाकून दिलं जातं. बॅक दाबून स्क्रीन बंद केली तरीही. म्हणून ही वजनं रूम डेटाबेसमध्ये (फोनवरचीच कायमची साठवण), कच्ची पावती म्हणून.

नवशिके इथेच चुकतात. एक साधन हाती लागलं की सगळं त्यातच कोंबतात. व्ह्यूमॉडेल फिरवण्यात टिकतं, पण प्रोसेस गेली की तेही जातं. बंडल प्रोसेस गेली तरी टिकतं, पण त्यात जागा फार कमी. एका प्रोसेसच्या सिस्टीमशी चालू असलेल्या सगळ्या देवाणघेवाणींना (बाइंडर ट्रान्झॅक्शन) मिळून १ एमबीची जागा वाटून मिळते, आणि सेव्ह केलेली स्थिती ५० केबीच्या आत ठेवावी अशी गूगलची शिफारस आहे. बंडलमध्ये मालाचा फोटो घातलात तर अँड्रॉइड ७ पासून पुढे ॲप सरळ क्रॅश होतं, आणि तेही फोटो काढताना नाही, ॲप मागे जाताना. त्यामुळे कारण शोधताना दिवस जातो.

जुन्या पद्धतीचे एक्सएमएल लेआउट असतील तर

एडिटटेक्स्ट, म्हणजे टाइप करायचं खाणं (रकाना), आपला मजकूर स्वतःहून सांभाळतो. अट एकच, त्याला आयडी हवा. आयडी नसेल तर सिस्टीमला तो मजकूर कोणाच्या नावावर ठेवायचा ते कळत नाही आणि तो सोडून दिला जातो. फॉर्म कोरा होण्याचं सगळ्यात साधं कारण हेच, म्हणून पहिली तपासणी ही.

दुसरी तपासणी: उभ्या आणि आडव्या स्क्रीनसाठी दोन लेआउट फाइल असतील तर दोन्हीकडे आयडी अक्षरन् अक्षर तोच आहे का? उभ्यात ‘भाव’ आणि आडव्यात ‘दर’ असं नाव दिलंत तर फक्त तेवढंच खाणं रिकामं होईल, बाकीची भरलेली राहतील. असं अर्धवट हरवणं दिसलं की आधी दोन्ही फाइल शेजारी शेजारी उघडा.

तिसरी चूक अशी की ती एकदा बघितली की विसरत नाही. खेपेच्या ओळीचा एक छोटा लेआउट बनवला आणि तो फॉर्ममध्ये तीनदा जोडला. पहिल्या खेपेचं वजन ६१२ किलो, दुसरीचं ५९८, तिसरीचं ६३०. फोन फिरवला. आता तिन्ही ठिकाणी ६३०. तिन्ही एडिटटेक्स्टचा आयडी एकच होता, म्हणून एकाच नावाच्या कप्प्यात तीनदा लिहिलं गेलं, शेवटचं उरलं आणि तेच तिघांना वाटलं गेलं. कोरा फॉर्म निदान लगेच दिसतो. हा चुकीचा आकडा भरलेल्या फॉर्ममध्ये लपून बसतो आणि पावतीवर छापून जातो. उपाय दोन. प्रत्येक ओळीला कोडमधून वेगळा आयडी द्या, किंवा त्या खाण्यांचं सेव्हएनेबल्ड बंद करून वजनं स्वतः यादीत ठेवा. आम्ही दुसरा मार्ग सुचवू, कारण खेपा तीनच असतील याची खात्री नसते.

‘आणखी खेप’ असं बटण देऊन ओळी वाढवत असाल तर नव्या ॲक्टिव्हिटीला किती ओळी होत्या हे माहीत नसतं. ऑनक्रिएटमध्येच तेवढ्या ओळी परत तयार कराव्या लागतात. आणि ओळी रिसायकलरव्ह्यूमध्ये (लांब याद्या दाखवणारं साधन) असतील तर तो आपल्या आतल्या खाण्यांचा मजकूर सांभाळतच नाही. तिथे प्रत्येक अक्षर टाइप होताच ते यादीतल्या त्या वस्तूत लिहिणं, एवढाच मार्ग.

टेक्स्टव्ह्यूचा मजकूर आपोआप टिकत नाही. फ्रीझेसटेक्स्ट चालू केलं तर टिकतो. पण बहुतेक वेळा टेक्स्टव्ह्यूवर काढलेली रक्कम असते, ती पुन्हा काढा. पिन किंवा आधार क्रमांकाच्या खाण्याला सेव्हएनेबल्ड मुद्दाम बंद ठेवा. तो आकडा परत टाइप करावा लागला तरी चालेल.

आडव्या स्क्रीनचा आणखी एक चकवा. फोन आडवा असताना कीबोर्ड कधी कधी पूर्ण स्क्रीन व्यापतो आणि एकच मोठं खाणं दाखवतो. वापरणाऱ्याला वाटतं फॉर्म गेला. मजकूर जागेवर असतो, पण तो घाबरून बॅक दाबत सुटतो आणि मग खरंच जातो. एडिटटेक्स्टच्या आयएमई पर्यायांत ‘नो एक्स्ट्रॅक्ट यूआय’ हा फ्लॅग द्या, कीबोर्ड पसरणार नाही.

व्ह्यूमॉडेल आणि सेव्हडस्टेटहँडल

नवं ॲप लिहीत असाल तर फॉर्मची मालकी ॲक्टिव्हिटीकडे ठेवूच नका.

१. ‘पावतीव्ह्यूमॉडेल’ असा क्लास बनवा आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सेव्हडस्टेटहँडल (व्ह्यूमॉडेलमधून बंडलमध्ये ठेवण्याचं साधन) मागा. ॲक्टिव्हिटीत हे मॉडेल ‘बाय व्ह्यूमॉडेल्स’ने घ्या. हाताने क्लासचं ऑब्जेक्ट बनवलंत तर फिरवताना नवं ऑब्जेक्ट बनेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

२. प्रत्येक छोट्या खाण्यासाठी एक ठरलेली किल्ली ठेवा: नाव, भाव, कपात, बाग. किल्लीची नावं एका ठिकाणी कॉन्स्टंट म्हणून लिहा. लिहिताना एक आणि वाचताना दुसरी किल्ली वापरली गेली तर एरर येत नाही, नुसतं रिकामं मिळतं.

३. वाचण्यासाठी हँडलचं गेटस्टेटफ्लो वापरा आणि सुरुवातीची किंमत (व्हॅल्यू) रिकामी स्ट्रिंग द्या. लिहिण्यासाठी प्रत्येक बदलावर हँडलमध्ये किंमत टाका. ‘जतन करा’ दाबेपर्यंत थांबू नका. फोन फिरतो तो बटण दाबण्याआधीच.

४. गावांची यादी व्ह्यूमॉडेलच्या इनिट ब्लॉकमध्ये, व्ह्यूमॉडेलस्कोपमधून आणा. ॲक्टिव्हिटीच्या ऑनक्रिएटमधून आणलीत तर प्रत्येक फिरवण्याला नवी मागणी जाईल.

५. व्ह्यूमॉडेलमध्ये ॲक्टिव्हिटी, व्ह्यू किंवा ॲक्टिव्हिटीचा कॉन्टेक्स्ट कधीही धरून ठेवू नका. मॉडेल जगतं, ॲक्टिव्हिटी मरते, आणि मेलेली ॲक्टिव्हिटी मेमरीत अडकून पडते.

हँडलमध्ये टाकलेली किंमत सिस्टीमकडे कायम जाते ती ॲक्टिव्हिटी थांबताना. ॲप मागे असताना तुम्ही हँडलमध्ये काही लिहिलंत आणि तेवढ्यात प्रोसेस गेली, तर ते लिहिलेलं जाईल. म्हणून मागे चालणाऱ्या कामाचा निकाल डेटाबेसमध्येच लिहा.

कंपोज वापरत असाल तर

कंपोज म्हणजे एक्सएमएलऐवजी कोटलिनमध्येच स्क्रीन लिहिण्याची पद्धत. तिच्यात चूक एका शब्दाची असते. रिमेंबर हे स्क्रीन पुन्हा रंगवली जाते तेवढ्यापुरतं लक्षात ठेवतं. ॲक्टिव्हिटी नवी झाली की विसरतं. रिमेंबरसेव्हेबल बंडलमध्ये ठेवतं, त्यामुळे फिरवण्यात आणि प्रोसेस गेल्यावरही मजकूर परत येतो. टेक्स्टफील्डच्या मागे नुसतं रिमेंबर दिसलं की तिथे थांबून विचार करा.

स्ट्रिंग, आकडा, खरं-खोटं हे रिमेंबरसेव्हेबलला तसंच चालतं. तुमचा स्वतःचा ‘खेप’ नावाचा डेटा क्लास दिलात तर ॲप त्याच क्षणी क्रॅश होईल आणि हे सेव्ह करता येत नाही असं सांगेल. अशा वेळी क्लासवर पार्सलाइझ लावा किंवा लिस्टसेव्हर, मॅपसेव्हर यांपैकी एक सेव्हर लिहा. क्रॅश परवडतो, कारण तो तुमच्या टेबलावर होतो.

खरी फसगत पुढे आहे. आडव्या स्क्रीनवर खाणी शेजारी शेजारी हवीत म्हणून तुम्ही इफ-एल्स लिहिता: आडवी असेल तर रो, नाहीतर कॉलम. दोन्ही फांद्यांत नावाचं खाणं आणि त्याचं रिमेंबरसेव्हेबल. सगळं बरोबर दिसतं, तरी फिरवलं की खाणं रिकामं. याचं कारण असं की रिमेंबरसेव्हेबल आपली किंमत कोडमधल्या स्वतःच्या जागेवरून ओळखतं. उभ्या फांदीत ठेवलेली किंमत आडव्या फांदीतल्या खाण्याला ओळखीची नाही. किंमत इफ-एल्सच्या वर घ्या आणि दोन्ही फांद्यांना फक्त मजकूर आणि बदलाचं फंक्शन द्या. खाणी नुसती दाखवणारी आणि मालकी वरच्याकडे, ही सवय लागली की असे घोळ होतच नाहीत.

खेपा लेझीकॉलममध्ये (कंपोजची सरकणारी यादी) असतील तर प्रत्येक ओळीला ‘की’, म्हणजे ओळखीची किल्ली, द्या, आणि ती खेपेचा स्वतःचा क्रमांक असू द्या, यादीतली जागा नको. मधली खेप काढून टाकली की जागा सरकतात आणि एकाचा मजकूर दुसऱ्याच्या ओळीत दिसतो.

परत आलेला मजकूर पुसला किंवा बिघडला जातो तेव्हा

सिस्टीमने मजकूर परत आणून दिला आणि आपल्याच कोडने तो घालवला, असंही बऱ्याचदा होतं. ऑनरिझ्यूममध्ये भावाच्या खाण्यात ‘आजचा भाव’ भरणारी ओळ असेल तर ती रिस्टोअरच्या नंतर चालते. माणसाने टाकलेला भाव गेला. सर्व्हरचं उत्तर उशिरा येऊन खाण्यात बसतं तेव्हाही तेच. नियम साधा ठेवा: सुरुवातीची किंमत फक्त पहिल्यांदा, आणि खाणं रिकामं असेल तरच.

टेक्स्टवॉचर (मजकूर बदलला की चालणारा कोड) ऑनक्रिएटमध्ये लावला असेल तर रिस्टोअर होतानाही तो चालतो, जणू कोणी आत्ताच टाइप केलं. समजा वजनाचं खाणं वर आहे आणि भावाचं खाली. वजन परत आलं, टेक्स्टवॉचरने लगेच रक्कम काढायला घेतली, पण भाव अजून रिकामा आहे. रिकाम्या स्ट्रिंगवर टूडबल चालवलं की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. ॲप फक्त फोन फिरवल्यावरच क्रॅश होतं आणि कोड वाचून काही सापडत नाही, असं असेल तर हे आधी तपासा. टूडबलऑरनल वापरा आणि दोन्ही आकडे असतील तेव्हाच गुणाकार करा. चेकबॉक्सच्या लिसनरलाही हेच लागू.

आता एक अडचण जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा मिळत नाही, आणि मराठी फोनवर हमखास येते. फोनची भाषा मराठी असेल तर स्ट्रिंग फॉरमॅट १८.४० हा आकडा देवनागरी अंकांत लिहितो. स्क्रीनवर ते छान दिसतं. पण तीच फॉरमॅट केलेली स्ट्रिंग तुम्ही बंडलमध्ये ठेवलीत आणि फिरवल्यावर टूडबलला दिलीत, तर टूडबलला देवनागरी अंक कळत नाहीत. क्रॅश, किंवा ऑरनल लावलं असेल तर वजनाच्या जागी नल मिळतो. तुमचा स्वतःचा फोन इंग्रजीत असेल तर हे तुम्हाला कधीच दिसणार नाही. म्हणून माणसाने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा ठेवा, हिशेबासाठी आकडा वेगळा ठेवा, आणि फाइलमध्ये किंवा सर्व्हरकडे जाणारी स्ट्रिंग बनवताना लोकेल (कोणत्या भाषेच्या पद्धतीने लिहायचं ते) स्पष्ट द्या, लोकेल रूट चालेल. मराठी कीबोर्डवरून कोणी देवनागरी अंक टाकलेच तर गुणाकाराआधी ते दहा अंक बदलून घेणारं चार ओळींचं फंक्शन लिहा. तुमचे वापरणारे मराठीच आहेत. त्यांच्या अंकांनी ॲप पडता कामा नये.

गावाचा स्पिनर (खाली उघडणारी यादी) निवडलेली जागा लक्षात ठेवतो, गाव नाही. यादी नव्या क्रमाने आली तर पाचव्या जागेवर चोपड्याऐवजी फैजपूर बसेल. गावाचा आयडी साठवा आणि यादी आल्यावर त्यावरून जागा शोधा.

फ्रॅगमेंट, डायलॉग, फोटो

ऑनक्रिएटमध्ये फ्रॅगमेंट (स्क्रीनचा स्वतंत्र तुकडा) जोडत असाल तर आधी सेव्हडइन्स्टन्सस्टेट नल आहे का ते बघा. फिरवल्यावर सिस्टीम जुना फ्रॅगमेंट स्वतः परत आणते. तुम्ही न बघता आणखी एक जोडलात तर भरलेला फॉर्म खाली आणि त्यावर कोरा फॉर्म, असे दोन थर होतात.

ॲक्टिव्हिटीतून थेट दाखवलेला अलर्टडायलॉग फिरवल्यावर नाहीसा होतो आणि लॉगकॅटमध्ये विंडो लीक झाल्याची तक्रार येते. डायलॉगमध्ये काही टाइप करायचं असेल तर डायलॉगफ्रॅगमेंट घ्या.

फोटोसाठी तुम्ही कॅमेरा ॲपला एक पत्ता देता, फोटो तिथे लिहिला जातो. हा पत्ता ॲक्टिव्हिटीच्या व्हेरिएबलमध्ये असेल आणि माणसाने कॅमेरा आडवा धरला, किंवा कॅमेऱ्याने मेमरी खाऊन तुमची प्रोसेस बंद पाडली, तर परत आल्यावर पत्ता नल. फोटो फाइलमध्ये असतो, ॲपला तो कुठे आहे हे माहीत नसतं. कॅमेरा उघडण्याआधी पत्ता सेव्हडस्टेटहँडलमध्ये टाका. फोटो नाही, फक्त पत्ता. तो शंभरएक अक्षरांचा असतो.

दोन पळवाटा

पहिली: मॅनिफेस्टमध्ये स्क्रीन उभीच राहील असं लिहून टाकायचं. फिरणं थांबतं, चूक तशीच राहते. डार्क मोड, भाषा, प्रोसेस बंद पडणं यांत फॉर्म जायचा तो जातोच. शिवाय अँड्रॉइड १६ साठी लिहिलेल्या ॲपचं हे बंधन ६०० डीपी (स्क्रीनच्या मापाचं एकक) किंवा त्याहून रुंद स्क्रीनवर, म्हणजे टॅबलेटवर आणि उघडलेल्या घडीच्या फोनवर, सिस्टीम मुळात मानत नाही. गेमना तेवढी सूट आहे.

दुसरी: कॉन्फिगचेंजेसमध्ये ओरिएंटेशन आणि स्क्रीनसाइझ लिहायचं, म्हणजे ॲक्टिव्हिटी मोडतच नाही. व्हिडिओ किंवा गेमला हे रास्त आहे. फॉर्मला नाही, कारण आडवा लेआउट आपोआप उचलला जात नाही आणि प्रोसेस गेल्यावरचं हरवणं तसंच राहतं. फ्लटर (ॲप बनवण्याचं गूगलचं दुसरं साधन) वापरत असाल तर त्याच्या तयार प्रोजेक्टमध्ये ही सोय आधीच असते, म्हणून तिथे फिरवल्याने ॲक्टिव्हिटी नवी होत नाही. तरी टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर बिल्डच्या आत बनवलात तर मजकूर जाईल. तो स्टेटमध्ये बनवा.

फिरवणं ही फुकटात मिळालेली परीक्षा आहे. ती बंद करून काही मिळवत नाही.

तपासणी

एम्युलेटरवर कंट्रोल आणि डावा-उजवा बाण दाबला की स्क्रीन फिरते. फॉर्म पूर्ण भरा, प्रत्येक खाण्यात वेगळा आकडा टाका, म्हणजे अदलाबदल लगेच दिसेल. दोनदा फिरवा. एकदा कर्सर खाण्यात असताना, एकदा डायलॉग उघडा असताना, एकदा यादी येण्याची वाट बघत असताना.

मग फोनच्या डेव्हलपर पर्यायांत ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ चालू करा, होम दाबा, परत या. यात ॲक्टिव्हिटी जाते, प्रोसेस राहते. प्रोसेस घालवण्यासाठी फॉर्म भरून होम दाबा, कॉम्प्युटरवरून एडीबी शेलमध्ये ‘एएम किल’ आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, मग अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप उघडा. होम दाबायला विसरू नका, ही आज्ञा समोर असलेल्या ॲपला हात लावत नाही. व्ह्यूमॉडेलवर विसंबून राहिलेले फॉर्म इथे उघडे पडतात.

शेवटी फोनची भाषा मराठी करा आणि सगळं पहिल्यापासून परत करा. ऑटोमेटेड टेस्ट लिहीत असाल तर ॲक्टिव्हिटीसिनॅरिओचं रिक्रिएट आणि कंपोजसाठी स्टेटरिस्टोरेशनटेस्टर ही दोन साधनं हीच कामं सेकंदात करतात.

पावती झाल्यावर

टिकवणं जमलं की उलटी चूक सुरू होते. पावती पाठवली, आणि पुढच्या शेतकऱ्याच्या फॉर्मवर आधीच्याचं नाव आणि वजनं तशीच.

‘जतन करा’ यशस्वी झाल्यावर तीन ठिकाणं रिकामी करायची असतात: सेव्हडस्टेटहँडलमधल्या किल्ल्या, खेपांची यादी आणि रूममधली कच्ची पावती. त्याआधी नाही. पाठवणी अपयशी झाली तर कच्ची पावती तशीच राहिली पाहिजे.

कच्ची पावती रूममध्ये लिहिताना प्रत्येक अक्षराला लिहू नका. टायपिंग थांबल्यावर साधारण अर्ध्या सेकंदाने लिहा, आणि ऑनस्टॉपमध्ये उरलेलं लिहून टाका. पाठवण्याचं काम व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये ठेवा. ते ॲक्टिव्हिटीच्या स्कोपमध्ये असेल तर पाठवत असताना फोन फिरला की काम अर्ध्यात तुटतं, माणूस पुन्हा दाबतो आणि एकाच गाडीच्या दोन पावत्या होतात. पावती उघडतानाच तिला एक यूयूआयडी (दुसऱ्या पावतीला न येणारा लांब क्रमांक) द्या आणि तोच सर्व्हरकडे पाठवा. एकच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हरने नवी नोंद करायची नाही, जुनीच परत द्यायची.